‘गाण्यांनी तारलं’ म्हणणाऱ्यांना

दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजेच शांतारामबापू, यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : “माणूस मोठाच होता, पण खरं सांगायचं तर त्याला गाण्यांनी तारलं.” बोलणारा बहुधा जुन्या गाण्यांचा दर्दी असतो. कोणत्या गाण्यात शहनाई कोणाची आणि तबला कोणाचा, हे त्याला पाठ असतं. सिनेमा मात्र त्याने शेवटचा कधी पाहिला, ते त्यालाच आठवत नसतं. त्याच्या मते ‘झनक झनक पायल बाजे’ हा वसंत देसाईंचा सिनेमा, ‘नवरंग’ सी. रामचंद्रांचा आणि ‘पिंजरा’ राम कदम व जगदीश खेबुडकरांचा. बापूंनी काय केलं? कॅमेरा लावला.

दुसरा पक्ष फिल्म सोसायटीवाल्यांचा. तिथे सूर उलटा लागतो. “‘कुंकू’ बघा. संगीताला फाटा दिला तेव्हा केवढा सिनेमा केला या माणसाने! पुढे नाचगाण्यांच्या नादी लागला आणि हातचा गेला.” गाणी म्हणजे धंद्याची गरज आणि दिग्दर्शकाने मोजलेली खंडणी, अशी या मंडळींची ठाम समजूत आहे. यांतले बरेच जण सिनेमा शिकले ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे बापूंच्या जुन्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात, हा त्यातला गमतीचा भाग.

हे दोन पक्ष एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. माझं भांडण मात्र दोघांशीही आहे, कारण दोघांचं गृहीतक एकच आहे : संगीत ही दिग्दर्शनाबाहेरची वस्तू. एकाला ती सिनेमाहून मोठी वाटते, दुसऱ्याला सिनेमाला लागलेला डाग वाटते. पण ती बाहेरून येते, संगीतकार ती आणून देतो आणि दिग्दर्शक ती घेतो किंवा नाकारतो, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे. नेमकं हेच मला मान्य नाही. संगीत हा शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाचा विषय होता. गाणं माणसाचं काय करतं, हा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षं, निरनिराळे संगीतकार हाताशी घेऊन, पुन्हा पुन्हा विचारला. कधी त्याचं उत्तर उत्तम आलं, कधी अगदी सुमार. पण चांगलं असो की वाईट, ते उत्तर दिग्दर्शकाचंच होतं.

सुरुवात फिल्म सोसायटीवाल्यांच्या लाडक्या पुराव्यापासून करू. ‘कुंकू’ 1937 चा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेला. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच तयार नाही, एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. या सिनेमात पडद्यामागून वाजणाऱ्या वाद्यमेळाला जवळजवळ रजा दिलेली आहे आणि प्रसंगातल्या आवाजांवर काम भागवलं आहे, हेही खरं. पण यावरून ‘संगीताला फाटा दिला’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने सिनेमा कान बंद ठेवून पाहिला असला पाहिजे. नीरा गाते. रस्त्यावरचा भिकारी गातो आणि त्याचं गाणं घरातल्यांच्या मनाला जाऊन भिडतं. शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. 1937 मध्ये नऊवारीतल्या मराठी बायकोच्या तोंडी इंग्रजी कविता, तीही सुरात! आणि या सगळ्यात भिंतीवरचं ते घड्याळ आहे. त्याचा लंबक काकासाहेबांचं वय मोजत असतो.

संगीत काढून टाकलं गेलं नाही, ते कथेच्या घरात राहायला आलं. ‘कुंकू’मध्ये जे वाजतं ते कुणीतरी वाजवतं, आणि कुणाच्या तरी कानावर पडून त्याला सुख देतं किंवा डाचतं. ज्या घरात नव्या सुनेने तोंड उघडू नये अशी अपेक्षा आहे, तिथे ती गाते, हेच बंड आहे. हा निर्णय चालीचा नव्हे. चाल कितीही गोड असली तरी ती नीराने कुठे गायची, कुणाला ऐकू जाईल अशी गायची आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबायचा, हे पेटीवर ठरत नाही.

यावर दर्दी मंडळी म्हणतील, ‘कुंकू’चं संगीत केशवराव भोळ्यांचं होतं, कल्पनाही त्यांचीच असेल. असू शकेल, आणि त्यांचा अधिकार मोठाच होता. भोळे हे चाली बांधणारे तर होतेच, शिवाय ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी गाण्यावर लिहिणारे विचक्षण समीक्षक होते. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ला संगीत देताना त्यांनी रंगभूमीवरच्या गाण्यांचा महापूर ओसरवून मोजक्या, प्रसंगातून उगवणाऱ्या पदांवर काम भागवलं होतं. ‘कुंकू’तले काकासाहेब, केशवराव दाते, त्याच नाटकाच्या उभारणीतले. म्हणजे ही माणसं तयार होऊनच प्रभातमध्ये आली होती. पण या माहितीवरून माझंच म्हणणं बळकट होतं. त्या काळात प्रभातकडे एकाच वेळी दोन संगीत दिग्दर्शक होते. दुसरे मास्तर कृष्णराव, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीच्या चालींनी महाराष्ट्राला वेड लावलेले. बापूंचे आधीचे दोन सिनेमे, ‘धर्मात्मा’ आणि ‘अमरज्योती’, कृष्णरावांकडे होते. नंतरचे ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हेही त्यांच्याकडेच गेले. मधला ‘कुंकू’ तेवढा भोळ्यांकडे. ज्या सिनेमात गाण्याने कमीत कमी जागा व्यापून जास्तीत जास्त काम करायचं होतं, तोच सिनेमा कमी गाण्यांत जास्त बोलणाऱ्या संगीतकाराकडे जावा, हा योगायोग मानायला मी तयार नाही. नटाची निवड हे दिग्दर्शन असेल, तर संगीतकाराची निवड ही काय फक्त खात्यांची वाटणी?

‘माणूस’ हा त्याहून चांगला दाखला. 1939 चा हा सिनेमा म्हणजे एका हवालदाराची आणि कोठीवरच्या मैनाची गोष्ट. शांता हुबळीकरांच्या त्या गाण्याला वेगवेगळ्या भाषांतली कडवी आहेत. लोक त्याला गंमत समजतात, कुणी कुणी तर त्यात राष्ट्रीय ऐक्यही पाहिलं आहे. माझ्या मते ते सिनेमातलं सर्वांत कडू दृश्य आहे. मैना गिऱ्हाईक पाहून भाषा बदलते. ज्याची जी भाषा, त्याला त्या भाषेतलं कडवं, म्हणजे एका बाईने आपला धंदा किती भाषांत शिकून घेतला आहे, त्याची ही यादीच. गाण्याचा आशय असा की उद्याची चिंता कशाला. आणि सिनेमाचा सगळा खटाटोप असा की एक साधा भोळा शिपाई या बाईला ‘उद्या’ मिळवून देऊ पाहतो आणि ते जमत नाही. अनंत काणेकरांचे शब्द आणि कृष्णरावांची चाल यांनी गाणं लोकप्रिय केलं. पण त्याला त्या कोठीवर, त्या गिऱ्हाइकांपुढे आणि त्या कथेच्या तोंडाशी ठेवून विषारी कोणी केलं? रेडिओवर ऐकताना ते विष लागत नाही. तिथे ते नुसतं ठेकेबाज, फक्कड गाणं असतं.

रेडिओची आठवण निघालीच आहे, तर हा गैरसमज रुजला कुठून तेही पाहू. बोलपटाच्या पहिल्या काही वर्षांत नट-नट्या सेटवरच गात. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसलेले, संगीतकार त्यांच्याजवळ, दिग्दर्शक समोर. शॉटची लांबी आणि गायकाचा दमसास एकाच वेळी ठरायचा. ‘अयोध्येचा राजा’मध्ये संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतःच हरिश्चंद्र होऊन उभे होते. त्या काळी चाल आणि दृश्य वेगळं काढून दाखवा म्हटलं असतं, तर ते कुणाला जमलं नसतं. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये पार्श्वगायन सुरू झालं, पुढे ती सर्वत्र रीत बनली आणि गाणं सिनेमाआधी, सिनेमापासून दूर, बंद खोलीत तयार होऊ लागलं. मग त्याची तबकडी निघाली, तीवर संगीतकाराचं आणि पुढे गायकाचं नाव आलं, पण दिग्दर्शकाचं नाव छापायचं काही कारणच नव्हतं. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीने सिनेसंगीताकडे पाठ फिरवली आणि सगळा देश रेडिओ सिलोनला कान लावून बसला. त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली. एका अख्ख्या पिढीने सिनेमा डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकला आणि पुष्कळदा फक्त ऐकलाच. बाजाराच्या सोयीसाठी झालेली ही फाळणी आपण कलेचा नियम समजून बसलो आहोत.

आता वसंत देसाई. दर्दी मंडळींचं हे सर्वांत मोठं अस्त्र, आणि ते बोथट आहे असं मी म्हणणार नाही. हा माणूस प्रभातमध्ये पडेल ते काम करत, छोट्या भूमिका करत, गात, मोठ्या संगीतकारांच्या हाताखाली शिकत वाढला आणि पुढे बापूंच्या स्वतःच्या राजकमलमध्ये त्यांचा उजवा हात झाला. ‘शकुंतला’, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, ‘लोकशाहीर रामजोशी’, ‘अमर भूपाळी’ अशी ती रांग आहे. बापूंच्या बाहेरही देसाई थोरच होते. विजय भट्टांच्या ‘गूँज उठी शहनाई’त त्यांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई लोकांच्या घराघरांत नेली, हृषिकेश मुखर्जींच्या ‘आशीर्वाद’ आणि ‘गुड्डी’लाही संगीत त्यांचंच. त्यांचं मोठेपण बापूंच्या सावलीत मावणारं नाही, एवढं मी बिनशर्त कबूल करतो.

पण मग मला एवढं समजावून सांगा. 1955 मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ आला. टेक्निकलर, गोपीकृष्णांचं नृत्य, अमीर खाँसाहेबांच्या गळ्यातलं शीर्षकगीत, सामता प्रसादांचा तबला आणि तेव्हा अगदी तरुण असलेल्या शिवकुमार शर्मांचं संतूर. डोळे दिपावेत आणि कान भरून जावेत असा सगळा थाट. दोनच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने त्याच संगीतकाराला घेऊन ‘दो आँखें बारह हाथ’ केला. सिनेमा कृष्णधवल, सहा खुनी कैदी, एक जेलर आणि उजाड माळ. नृत्याचे मंडप नाहीत, महाल नाहीत. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागे होता आणि गोष्ट गदिमांची होती. तिथे देसाईंनी काय दिलं? एक प्रार्थना. खेळणी विकत फिरणाऱ्या चंपाचं एक निरागस जग. रखरखीत शेतात राबणाऱ्या माणसांच्या मेहनतीचा ताल.

संगीतकार तोच, हात तोच आणि दोन वर्षांत निघालेले दोन सिनेमे परस्परांच्या उलट टोकाचे. मग हा फरक आला कुठून? ‘झनक झनक’ तुफान चालला होता. 1957 च्या फिल्मफेअरमध्ये सर्वोत्तम सिनेमा आणि सर्वोत्तम दिग्दर्शक हे दोन्ही मान त्याला मिळाले. (संगीताचा मान मात्र शंकर-जयकिशनना ‘चोरी चोरी’साठी मिळाला. ‘गाण्यांनी तारलं’ म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.) यशाच्या त्या शिखरावरून कुणाही निर्मात्याने आणखी चार नाच मागितले असते. बापूंनी आपल्या संगीतकाराकडून नाच काढून घेतले आणि त्याच्याकडे प्रार्थना मागितली. ती प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली गेली. गाणं म्हणून ती अर्थातच देसाईंची आणि भरत व्यासांची. पण ज्यांनी कुऱ्हाडीने माणसं कापली आहेत त्यांच्या ओठांवर ती यावी आणि म्हणूनच तिला किंमत यावी, ही कल्पना दिग्दर्शकाची. बर्लिनच्या 1958 च्या महोत्सवात या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं. देसाईंची प्रतिभा बापूंनी घडवली, असा दावा मी करत नाही. तिला काय विचारायचं, हे बापूंना ठाऊक होतं. एका चांगल्या वकिलाला साक्षीदाराकडून जेवढं काढता येतं तेवढं दुसऱ्याला येत नाही, आणि त्यात साक्षीदाराचा सच्चेपणा कुठेच कमी होत नाही.

आता मी स्वतःच बापूंविरुद्धचा पुरावा पुढे करतो, कारण दर्दी मंडळी तो सोयीस्करपणे विसरतात. देसाईंशी फारकत झाल्यावर ‘नवरंग’ सी. रामचंद्रांकडे गेला. मग ‘स्त्री’. पुढे ‘सेहरा’ आणि ‘गीत गाया पत्थरों ने’ यांना शहनाईवादक रामलाल यांनी संगीत दिलं. ‘गीत गाया’चं शीर्षकगीत किशोरी आमोणकरांनी गायलं आहे. ही गाणी आजही कुठल्याही मैफलीत निघाली की माना डोलतात. आणि सिनेमे? ‘सेहरा’ पुन्हा पाहावा असं कुणाला वाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी पाहिला आहे. वाळूच्या टेकड्या देखण्या आहेत, बस्स. गाणी दिग्दर्शकाला तारतात हे खरं असतं, तर ‘सेहरा’ तरला असता. उलट ‘कुंकू’तली गाणी आज किती जणांच्या ओठांवर आहेत? तरी तो सिनेमा पाहताना आजही अंगावर येतो. गाणी उत्तम आणि सिनेमा बुडालेला; गाणी विसरलेली आणि सिनेमा ताठ उभा. ही दोन्ही उदाहरणं एकाच दिग्दर्शकाची आहेत. यानंतरही तारणहार गाणीच असतील, तर त्यांच्या तारण्याचा नियम मला कळलेला नाही.

माझा नियम साधा आहे. सिनेमातलं गाणं सिनेमातल्या कोणाला ऐकू येतं, एवढं विचारावं. ‘नवरंग’मध्येच याची परीक्षा होते. कवी दिवाकर आपल्या संसारी, चिडक्या बायकोतून मोहिनी नावाची स्वप्नसुंदरी कल्पतो आणि तिच्यावर कवनं रचतो. बायको जमुना ती कवनं ऐकते आणि तिला वाटतं, ही दुसरीच कुणी बाई. नवऱ्याने आपल्यावरच लिहिलेल्या गाण्याचा मत्सर करणारी बायको! केवढी विलक्षण जागा ही. जोवर गाणी जमुनाच्या कानावर पडतात, तोवर ‘नवरंग’ जिवंत राहतो. ज्या क्षणी ती फक्त खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकासाठी होतात, हत्ती येतात, घागरी येतात, रंगांचे फवारे उडतात, त्या क्षणी कथा बाहेर जाऊन उभी राहते. यात सी. रामचंद्रांचा दोष काय? त्यांनी मागितलं ते, आणि अव्वल दर्जाचं, दिलं. मागणाऱ्यालाच आपण काय मागतो आहोत याचं भान राहिलं नाही. श्रेय दिग्दर्शकाचं म्हणायचं तर अपश्रेयही त्याच्याच पदरात घालायला हवं, आणि ते मी खुशाल घालतो. बापूंची साठीच्या दशकातली पडझड ही संगीताच्या अतिरेकाची नव्हे, ऐकणारं पात्र हरवल्याची आहे.

आणि ते पात्र पुन्हा सापडलं तेव्हा काय झालं, तर ‘पिंजरा’. 1972. बापू सत्तरीत होते. तमाशापटांचा हंगाम महाराष्ट्रात जुना झाला होता, राम कदमांच्या नावावर त्या जातीची ढीगभर गाणी होती. म्हणजे नवी वस्तू हाताशी काहीच नव्हती. गावातून तमाशा हाकलायला निघालेला आदर्श मास्तर स्वतः त्या फडाच्या नादी लागतो, स्वतःच्याच खुनाच्या आरोपात अडकतो. या सिनेमातल्या लावण्या लोकांनी डोक्यावर घेतल्या त्या घेतल्याच. उषा मंगेशकरांचा आवाज, खेबुडकरांचे शब्द, काही कमी नव्हतं. पण ‘पिंजरा’ माझ्या लक्षात राहिला तो श्रीराम लागूंच्या हातातल्या तुणतुण्यामुळे. ज्या मास्तरने आयुष्यभर खडू धरला, तो फडाच्या मागच्या रांगेत तुणतुणं घेऊन उभा आहे. एका तारेचं वाद्य, त्याला ना रागाची गरज ना विद्वत्तेची. पुढे संध्याबाई नाचताहेत, प्रेक्षक शिट्ट्या मारताहेत, आणि दिग्दर्शक आपल्याला पाहायला लावतो ते मागच्या त्या माणसाकडे. राम कदमांनी उत्तम चाल दिली म्हणून हे दृश्य उभं राहिलं, असं म्हणणाऱ्याने सांगावं की त्या चालीत मास्तरची मागची रांग कुठे लिहिलेली आहे?

थोडं मागे जाऊन 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ आठवा. दिग्दर्शनात बाबूराव पेंटरही होते, संगीत देसाईंचं, गीतं गदिमांची. तिथेही एक विद्वान ब्राह्मण, तमाशाच्या ढोलकीने ओढला जाणारा, घरादाराला आणि शास्त्राला मुकणारा. ‘अमर भूपाळी’तही उत्तर पेशवाईत शाहिरीपायी सगळं पणाला लावणारा होनाजी. ‘रामजोशी’ आणि ‘पिंजरा’ यांच्यामध्ये पंचवीस वर्षं, दोन वेगळे संगीतकार आणि दोन वेगळे गीतकार. पण सभ्य, शिकलेल्या माणसाचं गाणं नेमकं काय करतं, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच. ‘रामजोशी’त गाणं त्याला उचलून धरतं, ‘पिंजरा’त बुडवतं. तोच प्रश्न, पण उत्तर उलटं. पंचवीस वर्षांत दिग्दर्शकाच्या मनात काय घडलं असेल, यावर लिहायचं सोडून आपण ढोलकी कोणी वाजवली याची चौकशी करत बसलो.

फिल्म सोसायटीवाल्यांना आता सत्यजित राय आठवले असतील. ते हमखास आठवतात. “रायबाबूंनी पाहा, रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांच्यासोबत काम करून पाहिलं आणि ‘तीन कन्या’पासून, म्हणजे 1961 पासून, स्वतःच संगीत द्यायला लागले. खऱ्या दिग्दर्शकाला संगीतकाराची गरज नसते.” उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा. रायबाबूंनी संगीत टाकलं नाही, स्वतःकडे घेतलं. म्हणजे ते दिग्दर्शनाचंच अंग आहे, हे त्यांनी माझ्याहून ठामपणे सांगितलं. आणि संगीतकार बाहेरचा होता तेव्हाही निर्णय कुणाचा असायचा? ‘पथेर पांचाली’त हरिहर घरी परततो आणि दुर्गाच्या मृत्यूची बातमी कळते, तिथे सर्वजया हंबरडा फोडते. तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा स्वर येतो. रविशंकरांचं संगीत या सिनेमासाठी एका रात्रीत ध्वनिमुद्रित झालं होतं, हे लोक कौतुकाने सांगतात, सांगावंच. पण आईच्या तोंडचा आवाज काढून तिथे वाद्य ठेवणं, ही कुठल्याही मैफलीतली हरकत नाही. ती संकलनाच्या टेबलावरची हरकत आहे. घरच्या गोष्टीसाठी बंगालपर्यंत जायचीही गरज नव्हती. ‘कुंकू’चा लंबक त्याच्या अठरा वर्षं आधी तेच करत होता.

आजच्या मराठी सिनेमात तर हा वाद निकालातच निघायला हवा होता. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये संभाजी भगतांची शाहिरी आहे. पण ती पार्श्वभूमीला नाही. सिनेमातला शाहीर ती व्यासपीठावर गातो आणि त्यासाठीच कोर्टात उभा राहतो. गाणं हेच आरोपपत्र. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त जब्याचं कुटुंब डुकरामागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर समोरून निघून जातं. त्या प्रसंगासाठी कुठल्याही संगीतकाराला मानधन द्यावं लागलं नाही, चाल देशातल्या प्रत्येकाला पाठ आहे. तरी मराठी सिनेमात संगीताचा इतका भेदक वापर मी क्वचित पाहिला आहे. ‘गाण्यांनी तारलं’च्या हिशेबात हा प्रसंग कोणाच्या खात्यात जमा करणार?

आणि मग ‘सैराट’. 2016 पासून लग्नात, मिरवणुकीत, गणपतीत ऐकत आलो आहोत : “काय आहे त्या सिनेमात? झिंगाट काढून टाका, काय उरतं?” अजय-अतुल यांचं कर्तृत्व कुणी नाकारू नये. थेट हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून त्यांनी करमाळ्याकडच्या दोन पोरांच्या प्रेमाला जो भरजरी आवाज दिला, तो मराठी सिनेमाने आधी ऐकला नव्हता. पण त्या श्रीमंतीचं मंजुळेंनी काय केलं ते पाहा. सगळी गाणी त्यांनी पूर्वार्धात संपवून टाकली. व्हायोलिनचे ताफे, ढोलताशे, विहिरीतली उडी, वाढदिवसाचा धुमाकूळ, सगळं तिथेच. आर्ची-परशा पळून हैदराबादला झोपडपट्टीत जातात आणि सिनेमाने आपल्याला लावलेली गाण्याची सवय एकदम तोडली जाते. शेवटच्या दृश्यात तर आवाजच नाही. ती शांतता इतकी जबर बसते, कारण दीड तास आपले कान लाडावून ठेवलेले असतात. ते लाड करण्याचं आणि मग ते काढून घेण्याचं गणित ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मांडलं गेलं नव्हतं.

ज्यांना अजूनही वाटतं की ‘सैराट’ गाण्यांनी तारला, त्यांनी त्याच्या उत्तरार्धातलं एखादं गाणं गुणगुणून दाखवावं. मी ऐकायला बसलो आहे.